जादूगाराच्या हातात खरंच आग असते, गोची तिथेच आहे

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी पहिल्यांदा ड्रॅगन एज खेळलो, ओरिजिन्स, म्हणजे पहिला भाग, २००९ मध्ये आलेला. मी हात लावला तेव्हा गेम जुना झाला होता, पण माझा लॅपटॉप त्याहून म्हातारा असल्यामुळे दोघांचं छान जमलं. कॅरेक्टर घेतलं मेजचं. (मेज म्हणजे टेबल नाही हो, जादूगार. पण जादूगार म्हटलं की गणपतीत टोपीतून कबूतर काढणारे काका आठवतात, म्हणून मेजच बरं.) रूममेट मागे कॉटवर आडवा पडून बघायचा, त्याला स्वतः खेळायचा कंटाळा पण दुसरा खेळत असला की सल्ले द्यायला एक नंबर.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या जगात कुठल्याही घरात जादू येणारं पोर जन्मू शकतं, शेतकऱ्याच्या, सरदाराच्या, कुणाच्याही. कळलं की चर्चचे सैनिक येतात, त्यांना टेम्प्लर म्हणतात, आणि पोराला उचलून नेतात. तळ्यात एक मनोरा आहे, सर्कल म्हणतात त्याला, पुढचं आयुष्य तिथे. आत गेल्यावर तुझं रक्त काढून बाटलीत भरून ठेवतात, म्हणजे पळालास तर त्या रक्तावरून माग काढत येता येतं. मोठा झालास की परीक्षा, स्वप्नांच्या जगात एकट्याने राक्षसासमोर उभं राहायचं, आणि तू हरलास किंवा नुसता जरा जास्त वेळ लावलास तरी बाजूला उभा असलेला टेम्प्लर तलवारीने संपवून टाकतो. आणि तू परीक्षेला उभाच राहायला तयार नसशील किंवा वरच्यांचा तुझ्यावर भरवसा नसेल तर तुला ट्रँक्विल करतात, जादू जाते आणि तिच्यासोबत राग, लोभ, स्वप्नं सगळं जातं, उरतो तो शांत आवाजात हिशेब लिहिणारा माणूस.

हे सगळं मी उत्साहाने समजावत होतो तर रूममेट उठून बसला आणि म्हणाला, "अरे, ही सेटलमेंट आहे."

तो सोलापूरचा. त्याचे आजोबा तिथल्या सेटलमेंटमध्ये जन्मले, काटेरी तारांच्या आत. मला तोवर हा शब्द फक्त वस्तीचं नाव म्हणून माहीत होता, त्यामागे काय आहे ते शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला, गुन्हेगार जमातींचा, आणि काही जमाती जन्मतःच चोर आहेत असं कागदावर लिहून टाकलं. १९११ च्या कायद्यात तो मुंबई इलाख्यासकट सगळीकडे लागू करायची सोय झाली. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास काढायचा, बोटांचे ठसे सरकारजमा. रूममेट त्या रक्ताच्या बाटलीकडे बघून म्हणाला, "हे आमच्या आज्ज्याचे अंगठे." ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचं, पण पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते हे त्याला कायदा वाचून शिकावं लागलं नव्हतं.

मला तर एकदम भारी वाटलं. म्हणजे बघा, कॅनडातल्या एडमंटनमध्ये बसून बायोवेअरच्या लोकांनी एक गेम लिहिला आणि तो सोलापूरला येऊन लागू पडतोय. मी पुढचे दोन दिवस याच नशेत होतो. मग एका लढाईत माझ्या मेजने खोलीभर आग लावली, पाच-सहा टेम्प्लर चिलखतासकट भाजून निघाले, मी खुर्चीत उड्या मारतोय, आणि मागून आवाज आला, "पण आज्ज्याकडे हे नव्हतं ना."

मी म्हटलं काय.

"आग. आग असती तर सेटलमेंट झाली असती का?"

हसलो दोघंही. पण नंतर जितका विचार केला तितकी मला ती गोष्ट खुपत गेली, आणि आज इतक्या वर्षांनी मी या मतावर आलोय की मेजवर अन्याय होतो आणि म्हणून ती जातीची, वंशाची, कसल्याही भेदभावाची गोष्ट आहे हे जे आपण कौतुकाने म्हणतो ना, त्यात एक मोठी चूक बसलेली आहे, आणि ती चूक जो अन्याय करतो त्याच्या बाजूची आहे.

कशी ते सांगतो. पूर्वग्रह म्हणजे काय असतं? अमुक लोक धोकादायक आहेत, घाण आहेत, त्यांच्यापासून आपल्या पोराबाळांना जपलं पाहिजे, असं एक खोटं. ते खोटं आहे हाच सगळा मुद्दा आहे. पारध्याच्या पोराच्या रक्तात चोरी नसते. पण गेममध्ये लेखकाने काय केलंय तर ते खोटं खरं करून टाकलंय. मेज खरोखर घर जाळू शकतो. मेजच्या अंगात खरोखर राक्षस शिरतो. ओरिजिन्समध्ये रेडक्लिफ नावाचं गाव आहे, तिथल्या सरदाराच्या पोराला, कॉनरला, जादू येते, आई ते लपवते, बाप विषबाधेने मरायला टेकलेला असतो म्हणून पोरगं त्याला वाचवायला राक्षसाशी सौदा करतं, आणि मग रोज रात्री मढी उठून गावावर चालून येतात. अख्ख्या गावाचा सत्यानाश एका लहान पोरामुळे. हे स्वतःच्या डोळ्याने खेळल्यावर, गावकऱ्यांना रात्रभर तलवारी घेऊन उभं केल्यावर, कुठल्या तोंडाने म्हणणार की टेम्प्लर नुसतेच दुष्ट आहेत?

आणि तसंच होतं. या गेमवर बोलायला चार जण बसले की अर्ध्या तासात एकजण म्हणतोच, नाही पण टेम्प्लरांचंही बरोबर आहे. बरोबरच आहे त्याचं, गेमच्या आत! लेखकाने त्याला पुरावे दिलेत. पण आपण जर म्हणत असू की मेज म्हणजे खऱ्या जगातला दाबलेला माणूस, तर मग आपण नकळत कबूल काय केलं? की त्या माणसाला डांबून ठेवणाऱ्यांकडेही काहीतरी कारण होतं, जरा अतिरेक झाला इतकंच.

दुसऱ्या भागात, २०११ चा ड्रॅगन एज टू, हे फारच उघडं पडतं. कर्कवॉल नावाचं शहर, तिथलं सर्कल कुठे तर गॅलोज नावाच्या जुन्या गुलामांच्या तुरुंगात, अंगणात साखळदंडातल्या गुलामांचे पुतळे. टेम्प्लरांची प्रमुख मेरेडिथ, मेजांचा प्रमुख ऑर्सिनो. शेवटाकडे अँडर्स नावाचा मेज, आपल्याच टोळीतला, चर्च उडवून देतो. अँडर्स काही त्या सर्कलचा नाही, आतल्या लोकांचा त्यात संबंध नाही, तरी मेरेडिथ फर्मान काढते की सर्कलमधले सगळे मारा. हा प्रसंग मला फार खरा वाटतो, एकाने केलं म्हणून सगळी वस्ती. इथेच थांबले असते तर सलाम केला असता. पण नाही. तुम्ही मेजांच्या बाजूने उभे राहिलात, त्यांच्यासाठी लढलात, तरी ऑर्सिनो शेवटी रक्ताची जादू करून प्रेतांचा एक किळसवाणा गोळा बनतो आणि तुमच्याच अंगावर येतो. बरं, हाच ऑर्सिनो तुमच्या आईला मारणाऱ्या माथेफिरू मेजला आधीपासून ओळखत असतो. का? तर गेमला शेवटी एक मोठा बॉस, म्हणजे हरवायला शेवटचा तगडा शत्रू, हवा आणि दोन्ही बाजू सारख्याच वाईट असं काहीतरी गंभीर म्हटल्याचं समाधान हवं. तिकडे मेरेडिथला काय तर लाल लिरियम नावाच्या जादुई खनिजाने वेड लागलेलं. म्हणजे तीसुद्धा नुसती सत्तेने बिघडलेली बाई नाही, तिला दगड बाधलाय! लोकांना डांबून मारायला डोकं फिरावं लागत नाही हो, साधे, वेळेवर जेवणारे, घरी पोरांचा अभ्यास घेणारे अधिकारी पुरतात, सेटलमेंटची हजेरी घेणारा कारकून काही झपाटलेला नव्हता.

अजून एक आहे. टेव्हिंटर नावाचा देश, तिथे मेजांचंच राज्य आणि ते बाकीच्यांना गुलाम करतात. फेनरिस हा तिथून पळालेला गुलाम, त्याचं बोलणं ऐकताना पोटात कालवतं. पण त्याचा गोष्टीतला उपयोग काय बघा. यांना मोकळं सोडलं की हे उद्या आपल्या डोक्यावर बसतील ही भीती गेमने भूगोलात बसवून दाखवली. ही भीती आपण कुठे कुठे ऐकलीय ते मी सांगायला नको, लग्नाच्या पंगतीत कान उघडे ठेवले तरी पुरे.

हे एकट्या ड्रॅगन एजचं दुखणं नाही. एक्स-मेनची कॉमिक्स १९६३ पासून हेच करतायत, डोळ्यातून किरण सोडणाऱ्या माणसाची नोंदणी करावी का, यावर वाद. डेयस एक्स नावाच्या गेमने तर कहर केला. २०१६ चा भाग, मॅनकाइंड डिव्हायडेड, त्याची जाहिरातच मेकॅनिकल अपार्थाइड, म्हणजे यांत्रिक वर्णभेद, अशी केली, शरीरात यंत्रं बसवलेली माणसं वेगळ्या वस्त्यांमध्ये कोंबलेली, पोलीस कागद तपासतायत, सगळं दक्षिण आफ्रिकेवरून उचललेलं. पण त्या जगात आधीच्या भागाच्या शेवटी याच यंत्रवाल्यांना सिग्नल देऊन वेडं केलेलं असतं आणि त्यांच्या हातून भयंकर संहार झालेला असतो. मग लोक घाबरणारच की! आणि १९४८ ला दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं ते सरकार आलं त्याआधी काळ्या माणसांनी एका रात्रीत कुणाचा संहार केला होता? सोनं गोऱ्यांच्या खाणीत होतं, मजूर स्वस्त हवा होता, जमीन हवी होती. यातलं गेममध्ये किती आलंय विचारा.

यावर म्हणणारे म्हणतात की अरे रूपक आहे, गणित नाही, प्रत्येक गोष्ट एकास एक लावून कशाला बघतोस. मान्य. पण धोका हा काही त्या गोष्टीतला किरकोळ तपशील नाही ना, बाकी सगळं धोक्यावरच तर उभं आहे. आणि दुसरी गंमत म्हणजे खऱ्या जगात जादूवरून छळ होतोच, रूपकबिपक काही नाही, सरळ. सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवतात. कुणाचं पोर आजारी पडलं, म्हैस मेली, भगताने नाव घेतलं, संपलं. बहुतेकदा एकटी बाई, विधवा, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा. तिला गावाबाहेर काढतात, मारतात, जीवसुद्धा घेतात. आपल्याकडे २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तो नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, आधी वटहुकूम मग डिसेंबरात कायदा, त्यासाठी ते किती वर्षं झगडत होते ते आपल्याला माहीत आहे. या बाईकडे आग नाही, तिच्या अंगात कोणी शिरत नाही, आणि समजा तिच्याकडे खरंच काही असतं तर पहिला दगड मारणाऱ्याची हिंमत झाली असती का हा रूममेटचाच प्रश्न. मेजची गोष्ट सांगायची तर ही सांगा ना, जिथे जादू कधी नव्हतीच, आणि मनोरा बांधणाऱ्यांनाही आतून ते ठाऊक होतं.

पण ती गोष्ट खेळायला मजा नाही येणार, हे मला कळतं. मी स्वतः ओरिजिन्स पहिल्या तीन वेळा खेळलो आणि तीनही वेळा मेज घेतला, कशासाठी? आग फेकायला. आपल्याला दाबलेलं असणं हवं असतं पण दुबळं असणं नको असतं. जग माझ्यावर जळतं कारण मी स्पेशल आहे, असा तो सुखद अन्याय आहे, वर्गात मार खाणाऱ्या पोराच्या दिवास्वप्नातला. यात वाईट काही नाही, दिवास्वप्नं असावीत. फक्त त्यावर सामाजिक आशयाचं लेबल लावून विकताना जरा दम धरावा.

आता मी सगळंच मोडीत काढतोय असं नाही. मनोऱ्याचा कारभार कसा चालतो ते गेममध्ये फार बारकाईने आलंय. ट्रँक्विलचंच घ्या. मन मारलेली ही माणसं बसून जादूच्या वस्तू बनवतात, त्या विकल्या जातात आणि सर्कलच्या तिजोरीत पैसा येतो. म्हणजे ज्याला शिक्षा केली त्याच्याच श्रमावर तुरुंग चालतो, आणि पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा मी त्याच्याकडून काठी विकत घेतली, भाव केला, पुढे गेलो, कपाळावरचा शिक्का दिसला पण थांबलो नाही. किंवा २०१४ च्या इन्क्विझिशनमधली व्हिव्हियन. स्वतः मेज, दरबारात मोठं स्थान, आणि सर्कल पुन्हा चालू व्हावं म्हणून आग्रही. अशी माणसं असतात, चांगली हुशार असतात, आणि त्यांचं म्हणणं एका वाक्यात उडवून लावता येत नाही. कॉनरच्या गोष्टीतही नीट बघितलं तर राक्षस आत आला तो दाराला कुलूप होतं म्हणून, आईला वाटलं पोराला नेतील, तिने चोरून एक पळपुटा मास्तर ठेवला, त्यानेच बापाला विष घातलं. कायद्याची भीती नसती तर पोरगं उजेडात शिकलं असतं. हे सगळं आहे गेममध्ये. पण गोष्ट जिंकते ती मढ्यांची.

आणि खरी चिडचिड होते ती यामुळे की याच गेममध्ये, याच ओरिजिन्समध्ये, खाली तळघरात भेदभावाची एकदम अस्सल गोष्ट पडलेली आहे आणि तिच्यावर कोणी फारसं बोलत नाही.

ऑर्झामर. बुटक्यांचं शहर, जमिनीच्या पोटात. तिथे जाती आहेत, सरळ जातीच म्हटलंय, सरदार, लढवय्ये, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणवाले, नोकर. मुलाला बापाची जात, मुलीला आईची. आणि सगळ्यांच्या खाली बिनजातीचे. त्यांच्या तोंडावर जन्मल्यावरच डाग देतात. शस्त्र धरायचं नाही, कुठल्याच जातीचं काम करायचं नाही, मग उरतं काय, भीक किंवा चोरी, आणि चोरी केली की बघा आम्ही म्हणत नव्हतो. पूर्वजांच्या वह्यांत त्यांच्या नावाची ओळ नाही. जो बुटका वर, उजेडात राहायला जातो त्याचीही जात जाते, आपल्याकडे समुद्र ओलांडला की बाटायचा तसं. आणि या बिनजातीच्यांकडे कसलीही जादू नाही, हे फार महत्त्वाचं. त्यांच्यात आणि सरदारात दाखवण्यासारखा फरक एकच, तो गालावरचा डाग, आणि तोही दुसऱ्यांनी दिलेला.

तुम्ही हे कॅरेक्टर घेऊन सुरुवात करू शकता. गुंडाच्या हाताखाली काम, तो पाठवतो आखाड्यात एका लढतीत घोळ करायला, तर ज्या लढवय्याला जिंकवायचं तोच दारू पिऊन पडलेला. मग तुम्ही त्याचं चिलखत चढवता, शिरस्त्राण खाली ओढता आणि उतरता. आणि जिंकता, एकामागून एक सगळ्यांना. त्या आखाड्याची श्रद्धा अशी की निकाल पूर्वज देतात, जिंकला तो त्यांचा लाडका. टाळ्या चालू असतात तेवढ्यात खरा दारुडा झोकांड्या खात येतो, शिरस्त्राण काढावं लागतं, डाग दिसतो, आणि पूर्वजांचा निकाल तिथल्या तिथे रद्द, जिंकलेला माणूस कोठडीत. महाभारत ऐकत वाढलेल्या कुणालाही इथे कर्ण आठवेल, रंगभूमीवर बाण चालवून झाल्यावर कृपाचार्य विचारतात कुळ कोणतं. मला चौथ्या वेळेला खेळताना आठवला. तीन वेळा तो पर्याय यादीत समोर होता आणि मी कर्सर त्याच्यावरून पुढे नेला, आग नाही म्हणून.

पुढे याच ऑर्झामरमध्ये राजा निवडायचा असतो, दोन उमेदवार. हॅरोमाँट, म्हातारा, सज्जन, दिलेला शब्द पाळणारा. आणि बेलेन, ज्याने गादीसाठी भावाचा काटा काढलाय, कपटी, हसून बोलणारा. मी अर्थातच हॅरोमाँटला बसवलं, माणूस चांगला ना. गेम संपल्यावर शेवटच्या पाट्या येतात, कुणाचं काय झालं त्या, आणि कळतं की हॅरोमाँटने जातीची बंधनं अजून आवळली, शहर बंद करून घेतलं. बेलेनला बसवलं असतं तर बिनजातीच्यांवरची बंधनं सैल झाली असती. इथे गेम तुम्हाला दोन्ही बाजू सारख्या असं सांगत नाही, आणि बिनजातीचे जन्मतःच धोकादायक असतात असंही सुचवत नाही. प्रश्न तुमच्याबद्दलचा विचारतो, की तुम्हाला सभ्यपणा कुणाशी केलेला मोजायचाय.

कॉलेज संपायच्या आधी रूममेटने एकदाच स्वतः खेळायला घेतला, बिनजातीचा बुटकाच घेऊन. आखाड्याच्या सीनला काही बोलला नाही, चहा थंड झाला तेवढाच. राजा निवडायची वेळ आली तर त्याने डोळ्याची पापणी न लवता बेलेन निवडला. मी म्हटलं, अरे त्याने सख्ख्या भावाला मारलंय, हॅरोमाँट चांगला माणूस आहे.

"असेल," तो म्हणाला. "कुणासाठी?"